‘ना’ या एका अक्षराचे अर्थ

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यांतील कामरगांवीं एकाद्या घरीं पाहुणा येऊन ओसरीवर टेकतो. घरची बाई चहाचा पेला पुढें करून म्हणते, “घ्या ना, भाऊ!” पाहुणा हात आडवा धरून म्हणतो, “ना, ना, वहिनी, आतांच झाला.” क्षणभरांत दोघांच्याहि तोंडून एकच अक्षर बाहेर पडलें, परंतु एकीच्या ‘ना’मध्यें आग्रह आहे आणि दुसऱ्याच्या ‘ना’मध्यें नकार. आश्चर्य असें कीं, दोघांपैकीं कोणाचाहि गोंधळ होत नाहीं. बाईचा ‘ना’ क्रियापदाच्या पाठीस लागून येतो आणि स्वर किंचित् लांबवून येतो; पाहुण्याचा ‘ना’ वाक्याच्या आरंभीं, तुटक व बहुधा दुहेरी असतो. कानास एवढी खूण पुरते. परक्या मुलुखांतून आलेल्या माणसास मात्र ती पुरत नाहीं.

मराठींतील नकाराचें सारें कुटुंबच ‘न’ या वर्णाभोंवतीं जमलेलें आहे : नाहीं, नको, नये, नव्हे, नसणें, नाकारणें. त्यांतहि ‘नाहीं’चा थाट वेगळा. तो अव्ययासारखा एका जागीं बसून राहत नाहीं, क्रियापदासारखा चालतो : तो नाहीं, तूं नाहींस, ते नाहींत. हिंदींतील ‘नहीं’ असा चालत नाहीं, आणि मराठी शिकूं लागलेला हिंदी भाषिक येथें हटकून अडखळतो. आग्रहाचा ‘ना’ हाहि बहुधा याच कुटुंबांतला असावा. ‘तूं येणार ना?’ असें विचारतांना ‘कीं नाहीं?’ हा दुसरा पक्ष मागें उभा असतो. विचारतां विचारतां नकाराची धार बोथट होत गेली, आणि ‘ये ना’, ‘बस ना’ यांत तर ती मुळींच उरली नाहीं. ज्ञानेश्वरीच्या वाचकांना पदोपदीं भेटणारा ‘नातरी’ हा शब्दहि नकारांतून निघून ‘किंवा’ या अर्थास पोंचलेला आहे. नाराज, नापसंत, नाइलाज यांतील ‘ना’ फारसींतून आला. आणि जुन्या वर्तमानपत्रांत ‘ना. गोखले’ असें छापलेलें आढळलें, तर तेथें कोणी कशास नकार दिलेला नसतो; तो ‘नामदार’ या पदवीचा संक्षेप असतो.

संस्कृतांत आणखी एक ‘ना’ आहे. ‘नृ’ शब्दाचें प्रथमेचें एकवचन ‘ना’ असें होतें आणि त्याचा अर्थ पुरुष. एकेका अक्षराचे असे अर्थ गोळा करून पंडितांनीं ‘एकाक्षरकोश’ या नांवाचे कोशच रचले. त्यांच्या साहाय्यानें एकाच श्लोकांतून दोन-तीन अर्थ काढून दाखविणें ही एके काळीं विद्वत्तेची मोठी कसोटी होती. कीर्तनकारहि देवाच्या नांवांतील एकेक अक्षर सुटें करून त्यावर निरूपण करतात. त्यांत रस असतो, भक्ति असते. व्युत्पत्ति असतेच असें नाहीं. ती त्यांच्याकडून कोणी मागूंहि नये.

येथवरचे हे ‘ना’ एकाच कुळांतले होते, किंवा निदान एकाच घरांत नांदणारे होते. आतां वऱ्हाडच्याच मातींत उभें राहून थोडें पलीकडे कान द्यावा. उर्दू बोलणाऱ्या घरांत नकाराचा ‘ना’ मराठीसारखाच ऐकूं येतो. परंतु त्याच घरांतील प्रार्थनेची भाषा अरबी आहे, आणि अरबींत शब्दाच्या शेवटीं लागणारा ‘ना’ म्हणजे ‘आमचा’. ‘रब्ब’ म्हणजे पालनकर्ता प्रभु; ‘रब्बना’ म्हणजे ‘आमच्या प्रभो’. मराठी माणसें रोज सहज उच्चारतात त्या ‘मौलाना’ शब्दांतहि हाच ‘ना’ दडलेला आहे : ‘मौला’ म्हणजे स्वामी, ‘मौलाना’ म्हणजे आमचे स्वामी. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंस ‘सय्यदना’ म्हणतात, त्याची घडणहि हीच. यांतील शेवटलें अक्षर म्हणजे एक स्वतंत्र अर्थाचा प्रत्यय आहे, याची कल्पना तो शब्द वापरणाऱ्या शंभरांतील नव्वदांना नसेल.

पूर्वेकडे यवतमाळ व चांद्याच्या बाजूस गेलें कीं तेलुगू कानीं पडूं लागते. तेलुगूंत ‘ना’ म्हणजे ‘माझा’ किंवा ‘माझें’. तेलुगू माणूस ‘ना पेरु’ असें म्हणून आपलें नांव सांगूं लागला, तर नवख्या मराठी माणसास वाटावें कीं, हा नांव सांगण्यास नाकारीत आहे. त्याच टापूंतील गोंडींत ‘माझा’ यास ‘नावा’ म्हणतात. हा शब्द मराठी कानास ‘नांव’ या शब्दाचें एकादें रूप वाटतो. त्याचा नांवाशीं कांहीं संबंध नाहीं. आणखी दक्षिणेस तामिळींत ‘ना’ म्हणजे जीभ. म्हणजे नकार, आग्रह, पुरुष, आमचा, माझा आणि जीभ असे सहा अर्थ रामेश्वरच्या यात्रेच्या वाटेवरच एका अक्षरानें अंगावर घेतले.

या भाषा एकमेकींच्या कोण लागतात, याचा उलगडा होण्यास फार काळ लागला. सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मुळापासून निघाल्या असाव्या, असें प्रतिपादन केलें. मद्रासेकडील फ्रान्सिस व्हाइट एलिस यांनीं १८१६ मध्यें दाखवून दिलें कीं, तेलुगू, तामिळ, कन्नड यांचें कूळ संस्कृताहून स्वतंत्र आहे. रॉबर्ट काल्डवेल यांच्या १८५६ च्या व्याकरणानें तें पक्कें झालें. गोंडी याच द्राविडी कुळांतली. अरबी व हिब्रू यांचें सेमिटिक कूळ तिसरें. मेळघाटांतील कोरकू ही चौथ्याच कुळांतली आहे. तिच्या बहिणी संथाळी व मुंडारी, आणि दूरचे भाऊबंद पार कंबोडियांत व व्हिएतनामांत. वऱ्हाडाभोंवतीं दोन-तीन दिवसांचा प्रवास केला तर चार स्वतंत्र भाषाकुळें कानांवरून जातात. एवढें वैविध्य युरोपांतील कित्येक देशांस लाभलेलें नाहीं.

अर्थ बदलण्यास परकें कूळच लागतें असेंहि नाहीं. वाशीम जिल्ह्यांत बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी हें त्यांचें मोठें तीर्थ आहे. त्यांची गोरमाटी राजस्थानीच्या जवळची, म्हणजे मराठीच्या नात्यांतली. तरी तींत ‘कोनी’ म्हणजे ‘नाहीं’, आणि मराठींत ‘कोणी’ म्हणजे एकादा मनुष्य. वऱ्हाडी माणूस होकार देतांना ‘हाव’ म्हणतो. पुणेरी मराठींत ‘हाव’ म्हणजे लोभ. आणि कोंकणींत ‘हांव’ म्हणजे ‘मी’. युरोपांतहि असेंच आहे. ग्रीसमध्यें ‘ने’ म्हणजे होय आणि सरहद्दीपलीकडे बल्गेरियांत ‘ने’ म्हणजे नाहीं. दोन्ही भाषा एकाच मोठ्या कुळांतल्या आणि दोन्ही देश शेजारी. तेथल्या जकातनाक्यावर काय काय होत असेल याची कल्पना केलेली बरी.

आतां समुद्रापार जावें. पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी ज्या पूर्व आफ्रिकेशीं शतकानुशतकें व्यवहार करीत आले, तेथली बाजारची भाषा स्वाहिली. ती बांटू कुळांतील आहे. स्वाहिलींत ‘ना’ म्हणजे ‘आणि’. तेथें कोणी ‘चाय ना सुकारी’ मागितली तर ती चहा आणि साखर होय. मराठी माणूस तीच मागणी ऐकून बिनसाखरेचा चहा पुढें करील! हे तीन शब्द नीट पाहण्यासारखे आहेत. ‘चाय’ आणि मराठी ‘चहा’ हे दोन्ही मुळांत चिनी ‘चा’. व्यापाराच्या वाटेनें तो शब्द वस्तूबरोबर देशोदेशीं फिरला. ‘सुकारी’ अरबी ‘सुक्कर’वरून आलेला, आणि तो अरबी शब्द फारसीमार्गें संस्कृत ‘शर्करा’पर्यंत पोंचतो, मराठी ‘साखर’हि तेथलीच. म्हणजे दोन्ही टोंकांचे शब्द, रूपानें थोडे वेगळे दिसत असले तरी, मराठी घरांतील शब्दांचेच सगेसोयरे आहेत. आणि मधला ‘ना’, जो हुबेहूब मराठी वाटतो, तो मात्र तिऱ्हाईत! जो शब्द अगदीं आपल्यासारखा दिसतो तोच परका निघावा, हा अनुभव भाषेच्या अभ्यासांत वारंवार येतो.

रशियन भाषेंत ‘ना’ म्हणजे ‘वर’. शिवाय जवळच्या माणसाच्या हातीं एकादी वस्तु देतांना तेथें ‘ना!’ म्हणतात, म्हणजे ‘हें घे’. कामरगांवच्या ओसरीवर ज्या अक्षरानें पेला परत जातो, त्याच अक्षरानें तेथें तो पुढें येतो. थाई भाषेंत ‘ना’ म्हणजे भाताचें शेत. चिनी भाषेंत तर नुसतें अक्षर सांगून भागत नाहीं, सूर सांगावा लागतो : चढत्या सुराचा ‘ना’ म्हणजे हातांत घेणें आणि उतरत्या सुराचा ‘ना’ म्हणजे ‘तें’. हवाई बेटांच्या भाषेंत ‘ना’ नामापूर्वीं येऊन अनेकवचन दाखवितो.

इतक्या दूरदूरच्या भाषांनीं एकच अक्षर कां निवडावें? खरें पाहतां त्यांनीं निवडलें नाहीं. तें त्यांच्या वांट्यास आलें. मराठी बाराखडीचाच हिशेब घ्यावा. चौतीस-पस्तीस व्यंजनें आणि बारा स्वरचिन्हें धरलीं, तर सुमारें चारशें अक्षरें होतात. जपानी भाषेंत तीं शंभराच्या आसपासच आहेत, आणि हवाई भाषेंत व्यंजनें अवघीं आठ. उलट प्रत्येक भाषेस सर्वनामें, प्रत्यय, अव्ययें अशा लहान लहान कामांसाठीं शेंकडों आंखूड शब्द लागतात, कारण जो शब्द दिवसांतून हजार वेळां तोंडांत यावयाचा तो लांब असून चालत नाहीं. जगांत भाषा सुमारें सात हजार. जागा थोड्या आणि मागणारे पुष्कळ, अशी ही स्थिति आहे. त्यांतहि ‘न’ आणि ‘आ’ हे ध्वनि बहुतेक सर्व भाषांत सांपडतात. मूल बोलूं लागतें तेव्हां जे ध्वनि त्यास लौकर साधतात त्यांत यांची गणना होते. तेव्हां शेंकडों भाषांत ‘ना’ असणें हें नवल नव्हे. एकाद्या भाषेंत तो मुळींच नसता तर नवल वाटलें असतें.

येथें एक शंका सहज निघेल. रूप सारखें आणि अर्थ वेगळा असेल तर योगायोग म्हणावा हें ठीक. पण रूपहि सारखें आणि अर्थहि सारखा असेल, तर नातें मानावयास काय हरकत आहे? या शंकेचें उत्तर कोंकणच्या किनाऱ्यावर मिळतें. कुलाबा, म्हणजे आतांचा रायगड, या जिल्ह्यांत बेने इस्रायल समाज पिढ्यान् पिढ्या वसला. घाणी चालविण्याचा व्यवसाय आणि शनिवारची विश्रांति यांमुळें लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठी आणि प्रार्थनेची हिब्रू. हिब्रूंत ‘ना’ हें विनवणीचें अव्यय आहे. ‘बो ना’ म्हणजे ‘ये ना’. अर्थ तोच, जागा तीच, आर्जवहि तेंच. ‘होशीआ ना’ म्हणजे ‘तार ना’. त्यावरून त्यांच्या मांडवसणाच्या सातव्या दिवसाचें नांव ‘होशाना रब्बा’ असें पडलें, आणि तोच शब्द ग्रीकमार्गें ख्रिस्ती प्रार्थनेंत ‘होसान्ना’ झाला. अलिबागच्या बाजूची बेने इस्रायल आई मुलास ‘जेव ना’ म्हणे, आणि सिनगॉगमध्यें तेंच अक्षर त्याच भावानें देवापुढें उच्चारलें जाई. यापेक्षां जवळचें साम्य दुसरें कोणतें दाखवावें? तथापि मराठीचा ‘ना’ नकारांतून झिजत आलेला, आणि हिब्रूचा ‘ना’ हजारों वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत याच अर्थानें विद्यमान. दोघांची गांठ पडली ती कोंकणांत, आणि तीहि दोघे पूर्ण वाढल्यावर. १९४८ नंतर या समाजांतील बरीच कुटुंबें इस्रायलांत गेलीं. तेथें दारावरच्या पाटीवर ‘ना लेहिकानेस’ असें लिहिलेलें असतें, म्हणजे ‘कृपा करून आंत यावें’. मराठी वळणाच्या कानास त्यांत प्रथम ऐकूं येतें तें मनाईचेंच अक्षर.

अशीं फसवीं साम्यें आणखी आहेत. जपानींत ‘ना’ म्हणजे नांव. आणि ‘नामाए’ या पूर्ण शब्दाचा अर्थहि नांवच. संस्कृत ‘नाम’, फारसी ‘नाम’, इंग्रजी ‘नेम’ आणि जपानी ‘नामाए’ असे चार शब्द एका ओळींत मांडून जपानपर्यंत संस्कृताचा विजय झाल्याचा निर्वाळा कोणी उत्साहानें देईल. पण जपानी शब्द मध्येंच निराळ्या ठिकाणीं फुटतो : ‘ना’ अधिक ‘माए’. त्यांतील ‘म’ हा दुसऱ्याच शब्दाचा आहे, आणि तो काढून घेतल्यावर साम्याचा डोलारा खालीं येतो. अरबी ‘ना’ म्हणजे आमचा. गायत्री मंत्रांत येणारा ‘नः’ म्हणजेहि आमचा. साम्य मनोहर आहे. पण अरबींतील ‘माझा’, ‘तुझा’, ‘त्याचा’ हे प्रत्यय संस्कृतापुढें मांडून पाहिले तर पुढें एकहि जुळत नाहीं. एक पायरी सारखी निघाली म्हणून जिना एक होत नाहीं.

नातें ठरतें तें जिन्यावरून. तेलुगूंत ‘ना’ माझा आणि ‘नी’ तुझा. ‘नाकु’ मला आणि ‘नीकु’ तुला. ‘नन्नु’ आणि ‘निन्नु’ हीं त्यांचींच दुसरीं रूपें. गोंडींत ‘नावा’ माझा आणि ‘नीवा’ तुझा. येथें एक अक्षर दुसऱ्या अक्षरासारखें आहे एवढेंच नाहीं. ‘आ’च्या जागीं ‘ई’ आली कीं मीपणाचें तूंपण होतें, ही रीतच दोन्हीकडे एक आहे. रीत उसनी घेणें फार कठीण असतें, शब्द उसना घेणें सोपें. उलट खरे नातेवाईक पुष्कळदां ओळखूंहि येत नाहींत. गांवोगांव हरिनामाचा ‘सप्ताह’ बसतो आणि त्याच गांवांतला शेतकरी सोसायटीचा ‘हप्ता’ भरतो. एक शब्द संस्कृत, दुसरा फारसी. दोहोंत सात हा अंक आहे. संस्कृत शब्दांतील ‘स’ फारसींत ‘ह’ होतो : सप्त आणि हफ्त, मास आणि माह, सिंधु आणि हिंदु. एकच फरक अशा अनेक जोड्यांत नेमानें दिसला म्हणजे तेथें योगायोगास जागा राहत नाहीं. नकाराचा संस्कृत ‘न’, फारसी ‘न’ आणि रशियन ‘ने’ हे एकाच मुळाचे आहेत असें मानतात, तें याच आधारावर. केवळ कानास सारखे लागतात म्हणून नव्हे.

ही कसोटी न लावतां शब्दांच्या मागें धांवलें तर काय होतें, हें कामरगांवच्या नांवावरूनच दाखवितां येईल. फारसींत ‘कमर’ म्हणजे कंबर. कमरपट्टा त्यावरूनच आला. अरबींत याच्याच जवळच्या उच्चाराचा ‘क़मर’ म्हणजे चंद्र. इंडोनेशियांत ‘कामार’ म्हणजे खोली. आतां डोंगराच्या कंबरेचें गांव, चंद्राचें गांव आणि खोल्यांचें गांव अशा तीन दंतकथा एका बैठकींत रचतां येतील. आणि ऐकणारे त्यांतली सर्वांत गोड असेल ती पुढें सांगतील. वस्तुतः इंडोनेशियांतील ‘कामार’ डच लोकांकडून आला, हिंदींतील ‘कमरा’ पोर्तुगीजांकडून, आणि दोन्ही लॅटिन ‘कामेरा’चीं नातवंडें, फोटो काढण्याचा कॅमेरा हा त्यांचाच भाऊ. त्या सर्व गोतावळ्यांत वऱ्हाडांतील गांवास ओढण्यास कांहीं कारण नाहीं. गांवाच्या नांवाचा शोध जुन्या दप्तरांतील लेखनावरून आणि आसपासच्या गांवांच्या नांवांवरून घ्यावयाचा असतो. वि. का. राजवाडे यांनीं स्थळनामांवर अपार परिश्रम केले. त्यांच्या बुद्धीची झेप विलक्षण, परंतु ध्वनिसाम्यावर त्यांनीं कित्येकदां न पेलणारा भार टाकला. ज्यूल ब्लॉक यांचा मराठीवरील फ्रेंच ग्रंथ वा. गो. परांजपे यांनीं मराठींत आणला आणि १९४६ मध्यें कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश निघाला; त्यानंतर सामान्य वाचकासहि नुसत्या साम्यावर विसंबण्याचें कारण उरलें नाहीं.

दंतकथेनें गांवाचें फारसें बिघडत नाहीं. पण हीच चूक एकाद्या लहान भाषेच्या बाबतींत झाली तर तिचें अस्तित्वच पुसलें जातें. वाशीमला लागून बुलढाणा जिल्हा. त्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशीं जळगांव जामोदच्या बाजूस व पलीकडे मध्य प्रदेशांत कांहीं थोडीं माणसें निहाली नांवाची भाषा बोलतात. तिला कालटो असेंहि म्हणतात. ग्रियर्सन यांच्या भाषा-पाहणीचा चौथा खंड १९०६ मध्यें निघाला. त्यांत स्टेन कोनो यांनीं निहालीस मुंडा गटांत कोरकूजवळ बसविलें आणि तिच्यावर द्राविडी व आर्य भाषांचा थर चढला आहे असें लिहिलें. वरवर पाहतां त्यांत चूक कांहीं दिसत नव्हती. निहाली माणसें कोरकूंच्या शेजारीं राहतात, कोरकू बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यांतले बहुतेक शब्द कोरकूंतलेच ऐकूं येतात. अंक मोजावयास सांगितलें तर तीं म्हणतात : बिडुम, इरार, मोठो, नालो. चार या अर्थाचा ‘नालो’ आणि तेलुगूंतील ‘नालुगु’ यांचें साम्य उघड आहे. दोन आणि तीनहि द्राविडी भाषांकडून आलेले. ‘मोठो’ ऐकून मराठी माणूस कांहीं थोर वस्तूची अपेक्षा करील, पण ते केवळ तीन असतात. पांचापासून पुढें आर्य भाषांचें राज्य : ‘पाचो’.

डच पंडित कायपर यांनीं निहालीवर १९६२ मध्यें स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांनीं कोरकूकडून आलेलें कोरकूस, द्राविडी भाषांचें द्राविडी भाषांस आणि मराठी-हिंदीचें मराठी-हिंदीस परत करून पाहिलें. तेव्हां सुमारें चतुर्थांश शब्द असे शिल्लक राहिले, कीं त्यांना घेऊन जाण्यास कोणीच मालक पुढें आला नाहीं. तो उरलेला चतुर्थांश हीच खरी निहाली. आज बहुसंख्य अभ्यासक तिला कोणत्याहि कुळांत घालीत नाहींत. ती एकटीच आहे. वऱ्हाडाभोंवतीं चार भाषाकुळें आहेत असें वर म्हटलें, त्यांत निहाली धरलेली नाहीं. कदाचित् या डोंगरांत इतर कोणीहि येण्यापूर्वींपासून कानावर पडत आलेली भाषा तीच असेल. उसन्या शब्दांच्या गर्दींत तिचें स्वतःचें असें ‘एक’ तेवढें उरलें आहे : बिडुम. त्याचा सोबती आजूबाजूच्या कोणत्याहि भाषेंत सांपडत नाहीं.

हे बोलणारे लोक दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत. भारताच्या जनगणनेंत १९७१ पासून दहा हजारांहून कमी माणसें बोलत असलेल्या भाषांचीं नांवें तक्त्यांत छापलीं जात नाहींत. २०११ च्या तक्त्यांत गोंडीपुढें एकोणतीस लाखांहून अधिक आणि कोरकूपुढें सात लाखांहून अधिक असे आंकडे आहेत. निहालीचें नांव त्या तक्त्यांत नाहीं.